उरलेल्या डोळ्याला शिकवायला हवं

डोळ्याच्या कर्करोगात जीव वाचवण्यासाठी कधी डोळाच काढावा लागतो. कधी किरणोपचारांनी डोळा राखता येतो, पण त्यातली नजर पुढे हळूहळू जाते. लहान मुलांत रेटिनोब्लास्टोमा, मोठ्यांत मेलॅनोमा. पुष्कळदा एकच डोळा बाधित असतो आणि मग ‘दुसरा आहे ना’ एवढ्या दिलाशावर पेशंट घरी जातो. हा दिलासा अपुरा आहे. एका डोळ्याने वावरायला शिकवणं हा उपचाराचाच भाग मानायला हवा, आणि ती शिकवण नजर जाण्याआधीच सुरू व्हायला हवी.

नेमकं काय बिघडतं ते पाहा. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्यांतल्या फरकावरून मेंदू खोली जोखतो. हाताच्या अंतरावर याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. म्हणून रस्त्यापलीकडची बस किती लांब आहे हे एका डोळ्यालाही बऱ्यापैकी कळतं, पण चहा कपाऐवजी बशीत पडतो, सुईत दोरा जात नाही, भाजीवाल्याने पुढे केलेले सुटे पैसे घेताना मूठ अलीकडेच मिटते. जिना चढणं जमतं. उतरताना मात्र पायऱ्या संपल्या की अजून एक आहे हे कळत नाही, विशेषतः सगळी फरशी एकाच रंगाची असली तर. यावरचे उपाय बिनखर्चाचे आहेत, पण कुणीतरी दाखवावे लागतात. किटलीची तोटी आधी कपाच्या काठाला टेकवायची, मग ओतायचं. अंदाज येत नसेल तर डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि त्यावरून अंतर उमगतं. शेवटच्या पायरीच्या कडेला उठावदार रंगाची पट्टी लावायची. गेलेल्या डोळ्याच्या बाजूचं बरंचसं दृश्य नाकाआड जातं, म्हणून रस्ता ओलांडताना त्या बाजूला मान पुरती वळवायची सवय लावून घ्यायची. आणि उरलेला डोळा जपण्यासाठी, नंबर नसला तरी, पॉलिकार्बोनेटचा चष्मा रोज घालायचा.

मेंदू हे सगळं आपोआप शिकतोच की, असं कुणी म्हणेल. शिकतो, मुलांचा तर फार लवकर. पण मोठ्या माणसाला त्यासाठी काही महिने लागू शकतात, आणि खरं नुकसान त्याच काळात होतं. एकदा हात भाजला की घरचे प्रेमापोटीच गॅसपासून दूर ठेवतात, एकदा तोल गेला की माणूस जिना टाळतो. नजर सावरते तोवर कामं सुटलेली असतात, आणि सुटलेलं काम पुन्हा हातात घेणं नव्याने शिकण्याहून अवघड जातं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कर्करोगाच्या धक्क्यात असलेल्या माणसाला हे सांगायचं तरी कसं? डोळा तातडीने काढावा लागतो तेव्हा ही अडचण खरी आहे. मात्र किरणोत्सर्गी चकती डोळ्याला टाके घालून बसवतात तेव्हा हातात वेळ असतो. मेलॅनोमाच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आयोडीनच्या चकतीने डोळा राखलेल्यांचं आयुष्य डोळा काढलेल्यांइतकंच ठरलं, पण 3 वर्षांनी त्यांतल्या 43 टक्के लोकांची त्या डोळ्याची नजर 6/60 किंवा त्याहून कमी झाली होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियमची देशी चकती तयार केली आहे. मार्ग इथेही खुला होतो आहे. वाचलेला डोळा आणि वाचलेली नजर यांतला फरक आधी समजला, तर चहा ओतण्याचा सराव नजर शाबूत असतानाच, एक डोळा झाकून करता येतो.

शिवाय आपल्याकडे टक्क्यांचा अडसर आहे. दुसरा डोळा चांगला असेल तर एका डोळ्याचं अपंगत्व 30 टक्के धरतात आणि बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. सवलती वाटायला कुठेतरी रेषा आखावी लागते, हे मान्य. पण तीच रेषा शिकवणीची गरज मोजायला वापरणं चूक आहे. त्यासाठी वेगळा विभागही लागणार नाही: कृत्रिम डोळा बसवायला पेशंट पुन्हा येतोच, त्याच भेटीत अर्धा तास जास्त द्यावा. मूल असेल तर शाळेसाठी चिठ्ठीही तेव्हाच लिहून द्यावी, की उजवा डोळा गेला असेल तर त्याला वर्गात उजव्या कडेला बसवा, म्हणजे फळा, बाई आणि बाकीची मुलं त्याच्या डाव्या डोळ्यासमोर राहतील.