'फास्ट'चा विरुद्धार्थी शब्द काय?



आज एकाच इंग्रजी शब्दाविषयी लिहिते आहे. शब्द आपल्या रोजच्या तोंडातला आहे, 'फास्ट'. डोंबिवली-कल्याणच्या मुलांना हा शब्द शाळेत शिकवावा लागत नाही. बालवाडीतलं पोरही सांगतं की फास्ट लोकल ठाणं सोडल्यावर कळवा, मुंब्रा, कोपरला न थांबता डोंबिवली गाठते (काही गाड्या आता दिव्याला थांबतात, ते सोडा) आणि स्लो लोकल सगळीकडे थांबते. त्यामुळे विरुद्धार्थी शब्दांत 'फास्ट'समोर 'स्लो' लिहायला आमच्या मुलांना कधी अडचण येत नाही. अडचण मला आली.

चौथीची घटक चाचणी होती. दहा शब्द दिले होते, त्यांचे विरुद्धार्थी शब्द लिहायचे. एका मुलीने 'फास्ट'समोर 'ईट' लिहिलं. मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढच्या पेपरकडे वळले. पेपर वाटल्यावर ती टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझी आई म्हणते आज माझा फास्ट आहे. त्या दिवशी ती जेवत नाही. मग उलट म्हणजे जेवणंच ना?"

मी काय म्हणावं? म्हटलं, "यादीत स्लो दिलंय ना, तेच पाठ कर." ती गेली जागेवर. पुढचे चार दिवस तिने इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही. माझं उत्तर चुकलं होतं, तिचं नव्हे. फार तर तिला 'ईट'ऐवजी 'फीस्ट', म्हणजे मेजवानी, हा शब्द माहीत नव्हता. पण विचार बरोबर होता.

त्या रात्री शब्दकोश काढून बसले. डी.एड.ला असताना घेतलेला, पुठ्ठा निघालेला. 'फास्ट'खाली इतके अर्थ दिलेले की मीच चक्रावले. वेगवान हा एक. उपवास हा दुसरा. घट्ट, पक्का, न हलणारा हा तिसरा. आणि गंमत बघा, हा तिसराच सगळ्यांत जुना. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे घट्ट बसवलेलं, जागचं न हलणारं. आज जो शब्द पळण्यासाठी वापरतात तो मुळात न हलण्याचा! बसमध्ये, विमानात सीट बेल्ट लावायला सांगतात तेव्हाचं 'फास्टन' याच घराण्यातलं. 'होल्ड फास्ट' म्हणजे घट्ट धर. होडी दोरीने काठाला पक्की बांधली की ती 'फास्ट' झाली, आणि इथे उलट शब्द 'लूज'. स्लो इथे चालतच नाही.

मग घट्टपासून वेगापर्यंत शब्द पोचला कसा? मुलांना हे समजवायला मला इंग्रजीची गरज पडली नाही, आपली मराठी पुरली. वर्गात विचारलं, "लोकलमध्ये आई काय सांगते?" उत्तर आलं, "दांडा जोरात धर!" "आणि गाडी सुटायला आली की?" "जोरात पळ!" बघा, एकच 'जोरात'. पहिल्यात ताकद आहे, दुसऱ्यात वेग. ताकद लावून पळणं म्हणजे भरभर पळणं, म्हणून शब्द ताकदीकडून वेगाकडे सरकला. इंग्रजीतही असंच झालं. आधी घट्ट, मग नेटाने, मग नेटाने पळणारा तो वेगाने पळणारा. मुलांना ही गोष्ट दोन मिनिटांत पटली. मोठ्यांना जरा वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

उपवासाचंही मूळ तिथेच आहे. स्वतःला आवरून धरणं, नियम घट्ट पाळणं, त्यातून 'फास्ट' म्हणजे उपवास. आपणही उपवास 'धरतो'च की! आमच्या वर्गात संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत थांबणाऱ्या घरची मुलं आहेत, तशी रोजे धरणाऱ्या घरचीही आहेत. दोघांसाठी इंग्रजीत हा एकच शब्द. आता 'ब्रेकफास्ट' फोडून दाखवा: 'ब्रेक' आणि 'फास्ट'. रात्रभर पोटात काही नाही, तो उपवास सकाळी संपवायचा, म्हणून ब्रेकफास्ट. फक्त आपण उपवास 'सोडतो' आणि इंग्रजीत तो 'मोडतात'. आपल्याकडे उपवास मोडला म्हणजे चुकून शेंगदाण्याऐवजी फुटाणे खाल्ले!

इथे एका मुलाने शंका काढली. "बाई, पण उपवासाला तर खूप खातात. खिचडी, वडे, रताळ्याचा कीस." वर्ग हसला. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण मग आपोआपच फळ्यावर आली. त्यावर मागच्या बाकावरून प्रश्न, "मग साबुदाणा वडा म्हणजे फास्ट फूड का?" आता यावर तुम्हीच काय ते ठरवा.

रंगाचा 'फास्ट' मला सगळ्यांत आवडला. उल्हासनगरच्या बाजारात कापड घेताना आई विचारते, "रंग पक्का आहे ना? जाणार नाही ना?" हा पक्का रंग म्हणजे इंग्रजीत 'फास्ट कलर'. रंग धुण्यात उतरला तर इंग्रजीत म्हणतात 'द कलर रन्स', रंग पळतो. म्हणजे जो रंग पळतो तो फास्ट नाही! मुलांना हे वाक्य सांगितलं तर आधी चक्रावतात, मग घरी जाऊन सगळ्यांना सांगत सुटतात. या 'फास्ट'चा उलट शब्द कापडवाल्यांच्या इंग्रजीत 'फ्युजिटिव्ह' आहे. म्हणजे पळून जाणारा. स्लो कलर कोणी म्हणत नाही.

आणखी थोडे. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला, उलट 'वाइड अवेक', टक्क जागा. 'फास्ट फ्रेंड्स' म्हणजे पक्के मित्र, भरभर झालेले मित्र नव्हेत. घड्याळ पाच मिनिटं 'फास्ट' असतं तेव्हा आपण म्हणतो घड्याळ पुढे आहे. ते नीटच चालत असेल, पळत नसेल, फक्त पुढे असतं. इथे मात्र उलट शब्द 'स्लो'च, म्हणजे मागे. आणि 'फास्टली' असा शब्द मुलं हमखास लिहितात. क्विकचं क्विकली होतं, स्लोचं स्लोली होतं, मग याचं का नाही? प्रश्न रास्त आहे. पण 'रन फास्ट' असंच म्हणायचं, 'ली' लागत नाही.

समानार्थी शब्दांतही हाच घोळ होतो. गाइडमध्ये फास्ट, क्विक, रॅपिड, स्विफ्ट एका ओळीत छापलेले असतात, जणू कुठलाही उचलावा आणि वापरावा. तसं नसतं. गाडी 'फास्ट' असते, पण आंघोळ पटकन उरकली तर ती 'क्विक'. उत्तर लगेच आलं तर 'क्विक रिप्लाय'. 'रॅपिड' बहुतेक वाढीला, बदलाला लावतात. आणि घट्ट या अर्थी 'फर्म', 'टाइट', 'फिक्स्ड' हे समानार्थी, ते त्या ओळीत कुठेच नसतात.

पालकांची एक तक्रार मला नेहमी ऐकू येते, "बाई, एका शब्दाचे इतके अर्थ सांगितले तर मुलं गोंधळतील." २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी आपल्याला अजून या भाषेची धास्ती वाटते, म्हणून यादी बरी वाटते. पण मराठीत मुलं गोंधळतात का? 'कडक' घ्या. कडक चहाच्या उलट फिका चहा. कडक उन्हाच्या उलट कोवळं ऊन. कडक पावाच्या उलट मऊ पाव. कडक बाईंच्या उलट प्रेमळ बाई (हे वर्गानेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं). सात वर्षांचं मूल हे चारही बरोबर सांगतं, कारण त्याने 'कडक' यादीत नाही, वाक्यात ऐकलेला असतो. चहाबरोबर, उन्हाबरोबर. मग इंग्रजी शब्दच सुटा, एकटा का द्यायचा?

मी आता चाचणीत एकटा शब्द देत नाही. 'अ फास्ट ट्रेन' किंवा 'अ फास्ट कलर' असं लिहून देते. पेपर काढायला वेळ जास्त लागतो, तपासायलाही लागतो. घरी करायला सोपं हवं असेल तर फ्रिजवर एक कागद लावा. आठवड्यात कुठे 'फास्ट' ऐकू आला, कोण काय म्हणालं, ते वाक्य मुलाने जसंच्या तसं मराठीत लिहायचं. शेजारी उलट काय होईल ते. स्पेलिंगची घाई नको.

त्या मुलीच्या पेपरावरची फुली मी खोडली आणि तिला एक गुण दिला. पुढच्या आठवड्यात मी वर्गाला सांगितलं, एकाच वाक्यात तीन 'फास्ट' आणून दाखवा. तिने मराठीतच वाक्य केलं: "आईचा फास्ट होता, ती फास्ट लोकलमध्ये फास्ट अस्लीप झाली." मग तिन्हींचे उलट शब्द फळ्यावर आले, फीस्ट, स्लो, वाइड अवेक. मी विचारलं, पुढे काय झालं? म्हणाली, "डोंबिवली गेलं. कल्याणला उतरून परत आली. येताना स्लो मिळाली, ठाकुर्लीला पण थांबली."