मास्तरांच्या दारातला मालतीचा वेल

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी बाराच्या सुमारास माझी दहावीतली नात मार्केट यार्डातील आमच्या अडतीच्या दुकानी येते, गादीवर माझ्याशेजारी बसते, आणि मग आम्ही दोघे मिळून घरी जेवायला जातो. गेल्या जुलैतील एका शनिवारी तिने आल्याआल्या दप्तरातून मराठीची वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "आजोबा, रसग्रहण म्हणजे नक्की काय हो?"

पावसावरील एका कवितेचे रसग्रहण तिने लिहिले होते. कवीला पाऊस येतो तेव्हा आनंद होतो. पण आमच्या यार्डात पाऊस येतो तेव्हा हमाल ताडपत्री घेऊन धावतात, आजोबा चष्मा न लावताच बाहेर जातात आणि कोणी कोणाशी बोलत नाही. तरीही पोती झाकून झाल्यावर सगळे आडोशाला उभे राहून पाऊस पाहतात, तेव्हा त्यांचे चेहरे कवितेतल्यासारखे दिसतात, असे काहीसे तिने लिहिले होते. खाली लाल शाईने शेरा होता: 'स्वतःचे लिहू नये. फळ्यावरील उत्तर उतरवून घ्यावे.' चारपैकी एक गुण. फळ्यावरील उत्तर पुढच्या पानावर होते. त्यात कवी निसर्गाशी एकरूप झालेला होता. वर्गातील पन्नास वह्यांमध्ये तो त्याच एका वाक्यात एकरूप झालेला असणार.

मला राग आला, हे कबूल करतो. परंतु हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला रागापेक्षा पडताळा घेण्याची सवय अधिक असते. त्या रात्री कपाटातून आनंद यादव यांची 'झोंबी' काढली आणि मास्तरांची प्रकरणे पुन्हा वाचली.

'झोंबी' १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोल्हापूरजवळच्या कागल गावातील एका कष्टकरी शेतकरी घरातील मुलाने शाळेसाठी केलेल्या झगड्याची ही आत्मकथनात्मक कादंबरी आहे. वडिलांनी मुलाला शाळेतून काढून रानात जुंपले आहे. मुलगा आणि आई गावातील दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर जातात, त्यांच्याकडून वडिलांना समज देववतात आणि मग शाळा पुन्हा सुरू होते, तीही अटींवर. सकाळी अकरापर्यंत रानात पाणी पाजायचे, शाळा सुटल्यावर गुरे राखायची, काम अधिक असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. (याच भागात एक गंमत आहे. गुऱ्हाळ सर्वांच्या आधी लावले तर गुळाला भाव चांगला मिळतो, हा वडिलांचा हिशेब. ऊस रानात अधिक दिवस उभा राहिला तर गूळ चांगला उतरतो, हे इतरांचे म्हणणे. हा वाद आमच्या यार्डात आजही चालतो.)

अशा रीतीने वर्गात परतलेला हा मुलगा आपल्याहून लहान मुलांत बसतो. अंगावर मळके धोतर, डोक्याला कापड. पहिल्याच दिवशी वर्गातला एक उनाड पोरगा त्याची टर उडवतो. ही शाळा पुन्हा सुटावी, असे वाटण्याजोगी सगळी सामग्री तिथे आहे. ती सुटत नाही, कारण तिथे दोन मास्तर आहेत.

पहिले मंत्री मास्तर, गणिताचे. स्वभावाने कडक, चुकणाऱ्याची मानगूट धरून पाठीत रट्टा घालणारे. म्हणजे आजच्या अर्थाने ते काही आदर्श शिक्षक नव्हेत. पण एका हुशार मुलाच्या शेजारी बसून, त्याच्यासारखीच वही-पुस्तके नीट ठेवून हा मुलगा गणिते अचूक सोडवू लागतो, तेव्हा मास्तर त्याला इतर मुलांची गणिते तपासायला लावतात आणि त्याला 'आनंदा' म्हणून हाक मारतात. आजवर कोणी त्याला या नावाने हाक मारलेली नसते. पेढीवर नव्या पोऱ्याला पहिल्यांदा गल्ल्याची किल्ली हातात देतात, त्या क्षणी त्याची पाठ कशी ताठ होते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. गणिताच्या वर्गात या मुलाचे तसेच झाले.

परंतु मला बोलायचे आहे ते दुसऱ्या मास्तरांविषयी. सौंदलगेकर मास्तर मराठी शिकवीत. शिकवीत म्हणण्यापेक्षा ते कवितेत शिरत. आधी कविता चालीवर गाऊन दाखवीत, मग बसल्या जागी हावभाव करून तिचा अर्थ उलगडीत. जुन्या-नव्या मराठी कविता त्यांना मुखोद्गत होत्या, इंग्रजीतल्याही होत्या. ज्या कवींना ते भेटले होते त्यांच्या आठवणी सांगत, भा. रा. तांबे, बोरकर, यशवंत अशी नावे त्या वर्गात ओळखीच्या माणसांसारखी येत. मुलगा डोळ्यांत आणि कानांत प्राण आणून हे सारे टिपत राही.

मग काय होते? शाळेबाहेर होते, हे महत्त्वाचे. रानात पाणी पाजताना पूर्वी त्याला एकटेपणा खायला उठे. कोणीतरी बोलायला हवे असे वाटे. आता उलट झाले. एकटे असले की मोठ्याने कविता म्हणता येते, मास्तरांसारखे हातवारे करता येतात, थुईथुई नाचताही येते. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळते आहे आणि हा मुलगा गातो आहे. काही दिवसांनी मास्तरांच्या चालीही त्याला पुरेनाशा होतात, तो कवितेला स्वतःची चाल लावतो. मास्तर ती ऐकतात आणि त्याला वरच्या वर्गातील मुलांपुढे उभे करून म्हणायला लावतात. 'मी शिकवलेली चाल का बदललीस?' असे ते विचारीत नाहीत. त्या मुलाचे पुढचे सगळे आयुष्य या न विचारलेल्या प्रश्नावर उभे आहे, असे मला वाटते.

आणि मग तो मालतीचा वेल. मास्तरांच्या दारात मालतीचा वेल होता आणि त्याच्यावर त्यांनी एक कविता केली होती. मुलाने वेल पाहिला होता आणि कविताही ऐकली होती. तोवर कवी म्हणजे कोणी परलोकातली माणसे, अशी त्याची समजूत होती. आता त्याच्या ध्यानात आले की कवी आपल्यासारखाच हाडामांसाचा असतो, त्याच्या दारात वेल असतो, आणि त्या वेलाविषयी त्याला जे वाटले ते शब्दांत बसवता येते. मग आपल्याही अवतीभवती पिके आहेत, रानफुले आहेत. त्यांच्याविषयी का लिहू नये? तो म्हशी राखता राखता यमके जुळवू लागला. कागद-पेन्सिल जवळ नसे तेव्हा काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिही, नाहीतर दगडी शिळेवर खड्याने लिही. पाठ झाल्या की पुसून टाकी. रविवारी एखादी कविता जमली तर सोमवारच्या शाळेपर्यंत धीर धरवत नसे; रात्रीच मास्तरांचे घर गाठी.

मास्तर ती कविता पाहत, शाबासकी देत आणि मग सांगत, कवीची भाषा कशी असावी, हे कोणते वृत्त, हा कोणता अलंकार. वाचायला कवितासंग्रह देत. येथे क्रम पाहण्याजोगा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत वृत्त आणि अलंकार आधी येतात, व्याख्येसह, आणि कवितेशी ओळख झालीच तर नंतर होते. कागलच्या त्या मुलाला वृत्ताची गरज पडली तेव्हा ते मिळाले. खतावणी कशी घालायची हे आपल्या घरातील मुले वाणिज्य शाखेत जाण्याच्या कितीतरी आधी शिकतात, ती याच क्रमाने. आधी माल दिसतो, गिऱ्हाईक दिसते, उधारी थकलेली दिसते. मग जमा आणि नावे या शब्दांना अर्थ येतो.

'झोंबी'चा हाच भाग हिंदीत 'जूझ' या नावाने केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या 'वितान' या पुस्तकात आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले त्या शाळांत शिकली, त्यांच्या घरी तो येऊन गेला असेल. त्याखालच्या स्वाध्यायात, सौंदलगेकर मास्तरांच्या शिकवण्याची जी वैशिष्ट्ये मुलाला कवितेची गोडी लावून गेली ती सांगा, अशा आशयाचा प्रश्न आहे. त्याची तयार उत्तरे गाईडात मिळतात, मुद्देसूद, आकडे घालून. मुले ती पाठ करतात. मास्तरांना हे कळते तर त्यांना काय वाटले असते, कोण जाणे.

सौंदलगेकर मास्तर एकटेच नव्हते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढीत. दिवसभर शिकवून झाल्यावर आपल्यासाठी कोणीतरी लिहीत बसले आहे, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला 'वाचनाचे महत्त्व' हा निबंध शिकवावा लागत नाही. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली, तिचा घाटही रात्री गोष्ट सांगण्याचाच आहे. वर्गात आणि छात्रालयात मुलांपुढे बसण्याची ती सवय त्या पुस्तकात मुरलेली दिसते.

आता थोडे आपल्या घरांविषयी, कारण लाल शाई एकट्या शिक्षिकेच्या दौतीतून येत नाही. गणित आणि विज्ञानाच्या शिकवणीचे शुल्क आपण भावही न करता मोजतो, आणि भाव न करणे हा आपला स्वभाव नाही! मराठीच्या शिक्षकांना आपण वर्षातून एकदाच आठवतो, निकालाच्या दिवशी टक्केवारी घसरली म्हणून. 'भाषेत काय, पाठ केले की गुण पडतात', हे वाक्य माझ्या घरात मी स्वतः म्हटलेले आहे, मुलाच्या दहावीच्या वेळी. त्याने पाठ केले, गुण पडले. आज त्याच्या खोलीत मराठी पुस्तक एकही नाही. त्याच्या मुलीने पावसावर जे लिहिले ते त्याने अजून वाचलेले नाही. माल आलेला असतो.

ऑगस्टमध्ये पालकसभा होती. सूनबाईंबरोबर मीही गेलो. सभागृहात प्रत्येक विषयाचे टेबल मांडलेले होते. गणिताच्या टेबलापुढे रांग; सूनबाईंचा क्रमांक चौदावा. मराठीच्या टेबलापुढे कोणीच नव्हते. बाई एकट्याच वह्या तपासत बसल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. मी समोर बसलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "गुण कमी पडलेत का?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. तक्रार नाही, म्हणालो, फक्त हे पुन्हा एकदा वाचावे. त्यांनी वाचले. लाल शेऱ्यापाशी किंचित थांबल्या. मग म्हणाल्या, "बोर्डाची उत्तरपत्रिका कोण तपासणार, हे मला ठाऊक नसतं. ठरलेलं लिहिलं की निदान गुण जात नाहीत. निकाल खाली आला की मलाच बोलावतात, आणि तेव्हा कोणी पालक माझ्या बाजूने उभा राहत नाही."

हे ऐकून मी गप्प झालो. माझ्या मुलाची दहावी मला आठवली.

थोड्या वेळाने त्या आपण होऊन सांगू लागल्या. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत त्या कविता चालीवर म्हणत. शेजारच्या वर्गातून निरोप आला, आवाज होतो. मग वर्गाचे दार लावून म्हणू लागल्या. मग अभ्यासक्रम वेळेत संपेना. मग फळा.

बोलता बोलता वही त्यांच्याच हातात राहिली होती. त्यांनी पुन्हा तो उतारा काढला आणि या वेळी हलक्या आवाजात वाचला, ताडपत्रीपासून चेहऱ्यांपर्यंत. गणिताच्या रांगेतील एक-दोन पालकांनी वळून पाहिले.

"मग त्या दिवशी पोती वाचली का?" त्यांनी विचारले.

अकरा भिजली, मी सांगितले. हळदीची होती.

"तिने हे लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "अकरा हा आकडा हवा होता. सोमवारी मधल्या सुट्टीत तिला ही वही घेऊन माझ्याकडे पाठवा."

तेवढ्यात सूनबाईंनी हाक मारली. त्यांचा क्रमांक आला होता.