विषुववृत्तावरची दोन पांढरी अस्वलं

मे 2005. सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्या सात वर्षांच्या भाच्याचा सदरा पाठीला चिकटला होता. समोरच्या आवारात कृत्रिम खडक, निळसर पाण्याचा तलाव आणि तलावाच्या काठाकाठाने येरझारा घालणारं एक प्रचंड अस्वल. सात-आठ पावलं जायचं, मान वळवायची, तेवढीच पावलं परत. तोंड उघडं, धाप लागल्यासारखं. दुसरं अस्वल सावलीत पोटावर पसरलेलं, जमिनीला हनुवटी टेकवून. भाच्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “मावशी, ह्याला उकडत नाही का गं?”

मी त्याला काहीतरी सांगून पुढे नेलं. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर ठाण्याला परत आला.

सावलीत पसरलेली ती शेबा. येरझारा घालणारा तिचा मुलगा इनुका. शेबा जर्मनीतल्या कोलोनच्या प्राणिसंग्रहालयातून लहानपणीच इथे आली होती, इनुकाचा बाप नानूक कॅनडाचा. 26 डिसेंबर 1990 रोजी इनुका जन्मला तेव्हा उष्ण कटिबंधात जन्मलेलं जगातलं पहिलं ध्रुवीय अस्वल म्हणून त्याचं फार कौतुक झालं. त्याच्या इन्युइट नावाचा अर्थ दबक्या पावलांनी शिकार गाठणारा असा सांगतात. विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 137 किलोमीटरवर असलेल्या शहरात, जिथे पहाटेही पारा सहसा 23-24 अंशांच्या खाली उतरत नाही, तिथे हा शिकारी वाढला. सिंगापूरकरांनी त्याला आपलाच मानलं. शाळेच्या सहलीत इनुका पाहिला नाही असं मूल त्या पिढीत शोधावं लागेल.

हे प्राणिसंग्रहालय शहराच्या उत्तरेला मांडाईला आहे. अप्पर सेलेतार जलाशयाच्या काठी, पाणलोटाच्या राखीव जंगलाला लागून, सुमारे 26 हेक्टरांवर ते पसरलं आहे. 27 जून 1973 रोजी ते लोकांसाठी उघडलं आणि पहिल्यापासून त्याने गजांचे पिंजरे शक्य तितके टाळले. प्राणी आणि माणूस यांच्यामध्ये पाण्याचा किंवा खोल कोरडा खंदक, आणि तो खंदक झाडोऱ्यात असा लपवलेला की नजरेला आड काहीच येत नाही. तिथले ओरांगउटान डोक्यावरच्या फांद्यांवरून दोरांना लोंबकळत जातात. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतले गज पाहत वाढलेल्या आमच्या पिढीला हे पाहून हेवा वाटायचा, आणि तो हेवा रास्त होता. ओरांगउटान, माकडं, घोरपडी, झाडांवरचे पक्षी, ह्या सगळ्यांचं हवामान मांडाईचंच. हेच जंगल, हाच पाऊस. अस्वलांच्या आवाराशी आलं की मात्र त्या सगळ्या शहाण्या मांडणीतली विसंगती डोळ्यांत खुपायची.

ध्रुवीय अस्वलाचं शरीर उष्णता बाहेर जाऊ न देण्यासाठीच घडलेलं असतं. कातडी काळी, तिच्याखाली चरबीचा थर, काही जागी दहा सेंटीमीटरपर्यंत जाड. वरचे लांब केस पांढरे दिसतात, पण ते पांढरे नसतातच. रंगहीन आणि आतून पोकळ असतात, उजेड विखुरल्यामुळे पांढरे भासतात. आर्क्टिकच्या थंडीतही हे अस्वल फार वेळ धावलं तर त्याला उष्णतेचा त्रास होतो. म्हणून ते पळत सुटत नाही. सीलने श्वासासाठी बर्फात ठेवलेल्या भोकाशी तासन्‌तास दबा धरून बसतं.

ह्या पोकळ केसांची एक गोष्ट आम्ही जाण्याच्या आदल्याच वर्षी घडून गेली होती. 2004 मध्ये शेबा आणि इनुका दोघंही हिरवी दिसू लागली. दमट हवेत त्यांच्या केसांच्या पोकळीत शेवाळ धरलं होतं. त्याने प्राण्याला अपाय होत नाही, आणि असाच प्रकार सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातही घडला होता. सिंगापूरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन अस्वलं पुन्हा पांढरी केली गेली. जगभर ही बातमी गंमत म्हणून छापली गेली. मला ती वाचताना गंमत वाटली नाही. पावसाळ्यात कोकणातल्या घराच्या चिऱ्यावर धरतं तसं शेवाळ जिवंत अस्वलाच्या अंगावर धरत असेल, तर त्या हवेने आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलेलं असतं.

मला त्याहून जास्त विचारात पाडलं ते त्या दोघांच्या सोबतीने. आर्क्टिकमध्ये मादी पिल्लांना सुमारे अडीच वर्षं सांभाळते, शिकार शिकवते आणि मग त्यांचे रस्ते वेगळे होतात. बापाचा तर संगोपनाशी संबंधच नसतो. मोठी अस्वलं एकेकटी, शेकडो किलोमीटर बर्फ तुडवत जगतात. इथे आई आणि वाढलेला मुलगा बावीस वर्षं एकाच संग्रहालयात राहिले. लोकांना ते पाहून मायेचा उमाळा यायचा, मलाही आला होता. पण ती जवळीक त्यांनी निवडलेली नव्हती. जायला दुसरी जागा नव्हती, एवढंच.

माझ्या भाच्याचा प्रश्न सिंगापूरमध्येही विचारला जात होता. 2006 मध्ये तिथल्या ॲक्रेस ह्या प्राणिहितासाठी काम करणाऱ्या संस्थेने दोन्ही अस्वलांचं निरीक्षण करून अहवाल मांडला. त्यात येरझाऱ्यांची आणि धापेची नोंद होती. पुढे शेबा गेल्यावर इनुकाला थंड प्रदेशातल्या संग्रहालयात हलवायचं, असा विचार तेव्हा पुढे आला, मग मागे पडला. वय वाढत चाललेल्या, जन्मभर एकाच जागी राहिलेल्या प्राण्याला इतका लांबचा प्रवास आणि अनोळखी जागा झेपणार नाही, असं कारण दिलं गेलं. मला ते कारण पटतं. पण जे 1990 मध्ये कौतुकाचं होतं, त्याची किंमत पुढे अशी मोजावी लागते हेही त्यातच आलं. नवी ध्रुवीय अस्वलं आणायची नाहीत, हे मात्र संग्रहालयाने त्याच सुमारास ठरवलं. त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

शेबा नोव्हेंबर 2012 मध्ये गेली. पस्तीस वर्षांची होती. रानात ध्रुवीय अस्वल पंधरा-अठरा वर्षं जगलं तरी पुष्कळ, म्हणजे तिची काळजी घेण्यात कुणी कसर केली नव्हती. पुढच्या वर्षी इनुकासाठी ‘फ्रोझन टुंड्रा’ नावाचं नवं आवार उघडलं. आधीपेक्षा ऐसपैस, विश्रांतीसाठी थंड ठेवलेली जागा, बर्फ आणि मोठा तलाव.

तिथे मी 2014 मध्ये पुन्हा गेले, तोच भाचा बरोबर होता, आता माझ्या खांद्याच्या वर गेलेला. इनुका पाण्यात होता. पाचशे किलोंच्या घरातलं ते धूड काचेपलीकडून असं सरकत गेलं की पाण्याला त्याचं वजन कळलंच नसावं. पुढचे पंजे वल्ह्यांसारखे, मागचे पाय सुकाणूसारखे स्थिर. त्याने काचेला पंजा टेकवला. तो पंजा माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता. शेजारची मुलं एकदम गप्प झाली. प्राणिपालक त्याला मासे घालून गोठवलेल्या लाद्या देत असत, त्या फोडण्यात त्याचा वेळ जायचा. येरझारा त्या दिवशी दिसल्या नाहीत. भाचा म्हणाला, “मावशी, ह्याने खरा बर्फ पडताना कधी बघितलाच नाही ना?” नाही. कधीच नाही.

2018 च्या एप्रिलपर्यंत इनुका सत्तावीस वर्षांचा झाला होता, माणसाच्या हिशेबाने सत्तरी ओलांडलेला. संधिवाताने पाय अशक्त झाले होते. पंजांच्या गाद्यांवर आणि पोटाशी जखमा होत्या, उपचारांनी त्या भरून येत नव्हत्या. 25 एप्रिल रोजी तपासणीसाठी त्याला भूल दिली गेली आणि डॉक्टरांनी त्याला पुन्हा जागं न करण्याचा निर्णय घेतला. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याला हाताने मासे भरवले होते, ते प्राणिपालक दुसऱ्या दिवशीच्या निरोपाला हुंदके देत उभे होते.

आपल्याकडे 2016 मध्ये राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हाही उकाड्याचा प्रश्न निघाला होता. ते पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत, आणि वातानुकूलित दालनात राहतात. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. तरी काचेपुढे उभं असताना मूल जो पहिला प्रश्न विचारतं तो आपण प्राणी आणण्याआधी विचारायला हवा, हे माझं मत मांडाईने पक्कं केलं.

सिंगापूरला जाणार असाल तर मांडाईसाठी अर्धा दिवस नको, अख्खा दिवस ठेवा. मेट्रोने खातीब स्थानक गाठायचं, तिथून मांडाईची बस मिळते. सकाळी दार उघडताच आत शिरा, कारण दुपारी माणसं आणि प्राणी दोघंही सावली शोधतात. ओरांगउटानांपाशी निवांत थांबा. संध्याकाळी शेजारीच 1994 पासून चालू असलेली नाइट सफारी आहे. ध्रुवीय अस्वल तिथे आता नाही. इनुका शेवटचा होता.