ढग, धूळ आणि ऊन : हवामानाच्या प्रारूपांतील सौर प्रारणाचा हिशेब

वातावरणाची गती, उष्णता आणि बाष्प यांची समीकरणे संगणकावर पुढील काळासाठी सोडवून जो अंदाज काढला जातो, त्याला संख्यात्मक हवामान अंदाज म्हणतात. या सर्व घडामोडींना लागणारी ऊर्जा अखेर सूर्याकडूनच येत असल्याने असा अंदाज काढणाऱ्या प्रत्येक प्रारूपात सूर्यकिरणांच्या वाटचालीचा हिशेब ठेवणारा एक स्वतंत्र भाग असतो. त्याला प्रारण-पद्धती म्हणतात. वातावरणाच्या माथ्यावर, किरणांना लंब असलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर, सरासरी सुमारे १३६१ वॅट सौर ऊर्जा येते. तिच्यातील काही भाग ओझोन व बाष्प शोषून घेतात, काही भाग हवेचे रेणू, धूलिकण आणि ढग विखुरतात, आणि उरलेला जमिनीपर्यंत पोचतो. ही वाटणी कशी करावी याबाबत मात्र निरनिराळ्या पद्धतींची उत्तरे निरनिराळी असतात.

हा फरक डब्ल्यूआरएफ या जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी प्रारूपात चांगला दिसतो, कारण त्यात वापरणाऱ्याला अनेक पद्धतींतून निवड करता येते. जिमी दुधिया यांनी १९८९ मध्ये, दक्षिण चीन समुद्राच्या परिसरातील हिवाळी मोसमी ढगांचा अभ्यास करताना मांडलेली पद्धती अगदी साधी आहे : ती संपूर्ण सौर वर्णपट एकच मानते, वरून खाली येणाऱ्या किरणांतून विखुरणे व बाष्पाचे शोषण वजा करते आणि ढगांचा परिणाम आधीच तयार असलेल्या कोष्टकांतून उचलते. याउलट आरआरटीएमजी ही पद्धती सौर वर्णपटाचे १४ पट्टे पाडते. वायूंचे शोषण तरंगलांबीच्या अतिसूक्ष्म फरकानेही झपाट्याने बदलत असल्याने त्याची प्रत्येक रेषा मोजू गेल्यास लाखो गणिते करावी लागतील. म्हणून द्राक्षांची प्रतवारी करून प्रत्येक प्रतीचा एकेक घड तपासावा, तशी ही पद्धती तरंगलांब्यांचा मूळ क्रम बाजूला ठेवून शोषणाच्या तीव्रतेनुसार त्यांची मांडणी करते आणि एकूण ११२ गणितांत काम भागवते.

मग अधिक तपशिलाची पद्धती नेहमीच सरस ठरते काय? निरभ्र आकाशापुरते बोलायचे तर बहुधा ठरते, आणि तेथे तुलनेला भक्कम आधारही आहे : एकेक रेषा मोजणारी संथ पण काटेकोर गणना हा आदर्श धरून, सर्व पद्धतींना तेच तापमान, तेच बाष्प, तोच ओझोन देऊन त्यांची उत्तरे ताडून पाहता येतात. १९८०च्या दशकात झालेल्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय तुलनेत हेच करण्यात आले आणि एकाच माहितीवरूनही पद्धतींची उत्तरे बरीच फाकतात असे दिसून आले.

खरा घोळ पूर्ण अंदाजाची जमिनीवरील मोजमापांशी तुलना करताना होतो. एखाद्या प्रारूपात ढग प्रत्यक्षापेक्षा कमी बनत असतील आणि त्याची प्रारण-पद्धती किरणे जरुरीपेक्षा जास्त शोषत असेल, तर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि जमिनीवर पोचलेल्या उन्हाचा आकडा बरोबर येतो. अशा वेळी पद्धती सुधारली, तर अंदाज उलट बिघडतो. म्हणूनच दिवसाच्या एकूण उन्हाच्या सरासरीवरून पद्धतींची क्रमवारी लावणाऱ्या तुलनांवर फारसा भरवसा ठेवू नये. थेट किरणे आणि आकाशातून विखुरून येणारा प्रकाश वेगवेगळे मोजले, तसेच निरभ्र व ढगाळ तास निराळे काढले, तरच चूक कोणाच्या पदरात घालावी हे कळते.

पद्धतीला पुरवलेल्या माहितीचे वजन किती असते, याचा उत्तम दाखला युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात २००३ मध्ये मिळाला. तेथील प्रारूपात हवेतील धूलिकणांचे प्रमाण रोज मोजले जात नव्हते, ठरीव सरासरी नकाशातून घेतले जात होते. आणि जुन्या नकाशात सहारा वाळवंटावर उन्हाळ्यात वाजवीपेक्षा फार जास्त धूळ दाखवलेली होती. नवा नकाशा बसवल्यावर तेथील हवेच्या तापण्याचा हिशेब बदलला. तापलेले सहारा आणि त्यामानाने थंड असलेला गिनीचा किनारी प्रदेश यांच्यातील तापमानाच्या फरकामुळे पश्चिम आफ्रिकेवर साधारण चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जो जोरकस वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याचा अंदाज या बदलामुळे लक्षणीय सुधारला.

संगणकाचा वेळ ही दुसरी मर्यादा. प्रारूप पृथ्वीचे चौकटींत तुकडे पाडून काळाच्या लहान लहान पावलांनी पुढे सरकते. प्रारणाचे गणित महाग असल्याने ते प्रत्येक पावलाला न करता तासाने किंवा तीन तासांनी, आणि तेही अधिक ढोबळ चौकटींवर, करण्याची प्रथा आहे. किनाऱ्यावर तिची किंमत मोजावी लागते : समुद्र फारच थोडा प्रकाश परतवतो, आणि समुद्रावरील चौकटीचे उत्तर शेजारच्या जमिनीला लावले, तर ती जमीन गणितात अवाजवी तापते. याच युरोपीय केंद्राने २०१७ मध्ये आणलेली एकरॅड ही पद्धती आधीच्या पद्धतीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वेगवान आहे, आणि वाचलेला वेळ प्रारणाचे गणित अधिक वेळा करण्यासाठी वापरता येतो.

चौकटी लहान होत गेल्या की आणखी एक जुने गृहीतक डळमळते. प्रचलित पद्धती प्रत्येक चौकटीवरील हवेचा स्तंभ शेजाऱ्यांपासून अलग मानतात आणि ढगाची सावली त्याच्या नेमकी खालीच पाडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेल्या आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमची चौकट सहा किलोमीटरची आहे. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना सहा किलोमीटर उंचीवरील ढगमाथ्याची सावली दहा किलोमीटरांहून दूर, म्हणजे एक-दोन चौकटी पलीकडे, पडते. ढगांच्या बाजूंतून आत-बाहेर जाणाऱ्या प्रकाशाचा हिशेब एका चौकटीच्या आतल्या आत ठेवणारी गणिती सोय एकरॅडमध्ये आहे, परंतु ती खर्चिक असल्याने प्रामुख्याने संशोधनातच वापरली जाते. आणि शेजारच्या चौकटीत पडणाऱ्या सावलीचा प्रश्न तिनेही सुटत नाही.