सूत्रें कोणाच्या हातीं?

श्रोतेहो, माणसामाणसांत जीं भांडणें होतात त्यांचीं वरवरचीं कारणें मोजूं गेल्यास तीं अगणित भरतील. कोठें शेताचा बांध, कोठें पाण्याचा हंडा, कोठें मुलीचें लग्न, तर कोठें नाटकांतला एखादा संवाद. परंतु थोडें खोल उतरून पाहिलें म्हणजे यांतील बहुतेक भांडणांच्या मुळाशीं एकच प्रश्न आढळतो: निर्णय कोणीं करावयाचा? वस्तु कोणाची, हा वाद पुष्कळ वेळां तडजोडीनें मिटतो. हुकूम कोणाचा, हा वाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाहीं. या प्रश्नाचा विचार आज आपण घर, समाज आणि साहित्य अशा तीन ठिकाणीं करूं.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. ताबा म्हणून जो आहे तो मुळांतच वाईट, असें माझें म्हणणें नाहीं. ज्यानें आपली उमर शाळेच्या वर्गांत घालविली त्याला तसें म्हणतांही येणार नाहीं. पन्नास मुलें एका वेळीं बोलूं लागलीं तर एकाचेंही शिक्षण होणार नाहीं. कोणीतरी 'आतां गप्प बसा' असें म्हणावेंच लागतें. बैलांचा कासरा सोडून दिला तर गाडी खड्ड्यांत जावयाची. तेव्हां कासरा असावा कीं नसावा, हा आपला प्रश्न नाहीं. तो कोणाच्या हातीं असावा, किती काळ असावा, आणि गाडी कोणाच्या गांवाला न्यावयाची, हे खरे प्रश्न आहेत.

प्रथम घराकडे वळूं. आपल्याकडे एके काळीं घरांतील सत्तेचें चिन्ह म्हणजे कमरेला खोचलेला किल्ल्यांचा जुडगा. कोठीच्या खोलींत असून असून काय असावयाचें? दोन पोतीं तांदूळ, एक गुळाची ढेप, चार लोणच्याच्या बरण्या. पण त्या जुडग्यापायीं सासूसुनांत वर्षानुवर्षें अबोला राही. तें भांडण गुळाचें नव्हतें. गूळ केव्हां आणि किती काढावयाचा हें ठरविण्याच्या अधिकाराचें होतें. आज कोठीची खोली गेली आणि जुडगाही गेला. तरी मुलानें कोणत्या शाखेकडे जावें, मुलीनें नोकरीसाठीं परगांवीं राहावें कीं नाहीं, बँकेच्या खात्यावर सही कोणाची चालावी, हे प्रश्न घरोघर आहेतच.

या झगड्याची एक खूण आहे. तो आपल्या खऱ्या नांवानें कधीं वावरत नाहीं. 'मला सत्ता हवी' असें घरांत कोणी म्हणत नाहीं. 'मी तुझ्या भल्यासाठींच सांगतों' असेंच जो तो म्हणतो. आणि पुष्कळदां तें खरेंही असतें! म्हणूनच घरांतील सत्तेचा लोभ ओळखणें सर्वांत कठीण. मायेच्या पदराखालीं तो झांकलेला असतो.

हा घरगुती प्रश्न एकदां थेट मुंबईच्या हायकोर्टांत जाऊन उभा राहिला होता. रखमाबाई यांचें लग्न त्यांच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें. लग्नानंतर त्या आईजवळ, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरींच राहिल्या. तेथें त्यांना वाचनाची गोडी लागली. पुढें नवऱ्यानें नांदावयास बोलाविलें, त्यांनीं नकार दिला, आणि १८८४ सालीं दादाजींनीं फिर्याद दाखल केली. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं निकाल रखमाबाईंच्या बाजूनें दिला. लहानपणीं परस्पर लावून दिलेल्या लग्नाच्या जोरावर एका तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करणें त्यांना योग्य वाटलें नाहीं. अपिलांत तो निकाल फिरला; आणि १८८७ च्या मार्चमध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, महिन्याच्या आंत नवऱ्याकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनीं तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं तडजोड केली. रखमाबाई पुढें इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं कित्येक वर्षें स्त्रियांची सेवा केली. संमतिवयाचा १८९१ चा कायदा होण्यापूर्वीं जें लोकमत ढवळून निघालें त्यांत या खटल्याचा मोठा वांटा होता.

रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला असलेले सगळे दुष्ट होते असें मानणें अन्यायाचें होईल. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'नेंही ती बाजू घेतली होती. त्या पक्षाची भीति निराळी होती. परक्या सरकारचा हात आज घरांत शिरला तर उद्यां तो धर्मांत शिरेल, असें त्यांना वाटे. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, असा तो युक्तिवाद. गंमत ही कीं, बायकोला नांदावयास पाठवावें अशी कोर्टाकडे मागणी करण्याचा तो हक्कच मुळीं इंग्रजी कायद्यांतून आलेला होता. म्हणजे परक्याचा हात घरांत आधींच शिरला होता. तो आपल्या सोयीचा असेपर्यंत कोणाची फारशी तक्रार नव्हती. आणि या सगळ्या वादांत म्हातारीच्या जागीं एक जिवंत मुलगी उभी आहे, तिच्या दुःखाचा हिशेब मात्र कोठेंच मांडलेला नव्हता. सत्तेचा झगडा चालू असला म्हणजे हें असेंच होतें. ज्याच्यासाठीं म्हणून भांडण चाललेलें असतें, त्यालाच कोणी विचारीत नाहीं.

आतां घराबाहेर पडून गांवच्या पाणवठ्यावर जाऊं. सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरूं द्यावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं मंजूर केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें सर्वांना खुलें केलें. कागदावर तळें खुलें झालें. काठावर मात्र कोणी उतरूं देईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह हजारों माणसें शिस्तीनें चालत तळ्यावर गेलीं आणि तें पाणी प्यालीं. थोड्याच वेळांत हे लोक आतां देवळांतही शिरणार अशी आवई उठली, आणि परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले. मागाहून पंचगव्य ओतून तळें 'शुद्ध' करण्यांत आलें. त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला.

या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत, गुरेंढोरें पाणी पीत. तेव्हां पाणी बाटण्याचा प्रश्न किती खरा होता हें उघड आहे. डॉ. आंबेडकरांनींही स्पष्टच सांगितलें होतें कीं, हें पाणी न मिळाल्यानें आम्ही आजवर मेलों नाहीं. इतरांप्रमाणें आम्हीही माणसें आहों, एवढेंच आम्हांला सिद्ध करावयाचें आहे. म्हणजे दोन्ही पक्षांना पक्कें ठाऊक होतें कीं, वाद पाण्याचा नसून अधिकाराचा आहे. त्या डिसेंबरांत महाडच्या कांहीं रहिवाशांनीं दावा लावला, आणि जुन्या वहिवाटीचा आधार घेऊन कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. ज्यांना बंडखोर म्हणून हिणविलें जात होतें, त्यांनीं तो मनाईहुकूम पाळला आणि त्या वेळीं तळ्यावर जाण्याचें तहकूब ठेवलें. सत्तेसाठीं हपापलेला आणि हक्कासाठीं लढणारा यांतला भेद येथें दिसतो. पुढें दावा वरच्या कोर्टापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें निकाल दिला कीं, ही वहिवाट अनादि असल्याचें शाबीत झालेलें नाहीं. ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्यानें पदरांत पडण्यास दहा वर्षें लागलीं.

तिसरें क्षेत्र साहित्याचें. येथेंही सूत्रांसाठीं ओढाताण आहेच. १८७६ सालीं सरकारनें नाटकांच्या प्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. पुढें १९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' रंगभूमीवर आलें. कथा महाभारतांतली, कर्झनसाहेबांचें नांव त्यांत कोठेंही नाहीं. पण प्रेक्षकांनीं कीचक कोण आणि सैरंध्री कोण हें बरोबर ओळखलें, आणि १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. लेखणीवरची ही दहशत परक्या राज्याबरोबर संपली असेंही नाहीं. १९७५ सालीं आणीबाणी चालू असतां कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनीं लेखनस्वातंत्र्याची बाजू उघडपणें मांडली. पुढच्या वर्षीं त्यांना अटक झाली.

परंतु सारा दोष सरकारच्या माथीं मारून साहित्यिकांना मोकळें होतां येणार नाहीं. साहित्याच्या मांडवांत कोणाला बसूं द्यावयाचें, कोणाची भाषा शुद्ध आणि कोणाची ओबडधोबड, हें ठरविणारी सत्ता साहित्यिकांच्याच हातीं असते. १८८५ सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती. तिचें निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना गेलें होतें. त्यांनीं तें नाकारलें. जे लोक माणसांचे सामान्य हक्क मनःपूर्वक मान्य करीत नाहींत, त्यांच्या सभांशीं आणि पुस्तकांशीं आमचा मेळ बसणार नाहीं, अशा आशयाचें पत्र त्यांनीं पाठविलें. त्या एका पत्रानें मराठी साहित्याला जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर पुढच्या शतकांत दलित साहित्यानें आपल्या हातानें लिहून दिलें.

साहित्याच्याच प्रांतांतली आणखी एक घटना मला या विषयावर सर्वांत बोलकी वाटते. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' हें नाटक केलें. त्या जुन्या पद्धतीच्या नाटकांत सूत्रधार पहिल्यापासून अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा असे. पदें तोच म्हणे. रामाचा प्रसंग असो कीं सीतेचा, गळा सूत्रधाराचा. पात्रांनीं त्याबरोबर हावभाव करावे, आणि पद संपल्यावर प्रसंगाला शोभेल तें चार वाक्यें बोलावें. त्या काळीं तें आवश्यकच होतें. नाटक कसें करावें हें कोणालाच ठाऊक नव्हतें. सूत्रधारानें हात धरला नसता तर खेळ उभाच राहिला नसता. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्यांत सूत्रधार आला, त्यानें प्रस्तावना केली आणि तो आंत निघून गेला. आणि शकुंतला आपलें पद आपल्या गळ्यानें गाऊं लागली. मराठी संगीत रंगभूमीचें वैभव तेथून सुरू झालें. सूत्रधार आंत गेला म्हणून नाटक कोसळलें नाहीं. उलट पात्रांना कंठ फुटला.

श्रोतेहो, आपण जीं उदाहरणें पाहिलीं त्यांवरून योग्य ताबा व अयोग्य ताबा यांची पारख करण्यास कांहीं कसोट्या हातीं लागतात. जेथें 'कां?' असें विचारण्याची मुभा आहे आणि त्याला रागावल्यावांचून उत्तर मिळतें, तेथें शिस्त आहे. जेथें हा प्रश्नच उद्धटपणा ठरतो, तेथें सत्तेचा लोभ आहे. जो नियम करणाऱ्यालाही लागू असतो तो नियम. जो फक्त दुसऱ्यासाठीं असतो तो जुलूम. आणि शेवटची, सर्वांत अवघड कसोटी अशी कीं, योग्य ताब्याला मुदत असते. मुलाला चालावयास शिकवितांना आपण त्याचें बोट धरतों तें पुढें सोडण्यासाठींच. ज्याला बोट सोडवत नाहीं, त्याला मुलाच्या चालण्यापेक्षां आपलें धरणें अधिक प्रिय झालेलें असतें.

हें बोलणें सोपें आहे, याची मला जाणीव आहे. माझ्या वयाच्या माणसांना तर ही कसोटी रोज द्यावी लागते. काल ज्यांना आपण पाढे शिकविले तीं मुलें आज घराचे व्यवहार ठरवितात, आणि आपला सल्ला ऐकून घेऊन निराळेंच करतात. अशा वेळीं मनाला जो डंख बसतो, तो त्यांच्या चुकीच्या भीतीनें बसतो कीं आपला शब्द मोडला म्हणून बसतो, हें प्रत्येकानें आपल्याशीं प्रामाणिकपणें विचारून पाहावें. पुष्कळदां उत्तर अवघड जागीं नेऊन सोडतें. ज्याला स्वतःचा राग आवरतां येत नाहीं, तोच दुसऱ्याचें बोलणें आवरूं पाहतो. आणि ज्याचा स्वतःवर ताबा आहे त्याला दुसऱ्यावरील ताबा सोडतांना फारसें कांहीं गमावल्यासारखें वाटत नाहीं.

घरांत, गांवांत आणि ग्रंथांत आपल्यापैकीं प्रत्येकाच्या हातीं कोणती ना कोणती दोरी आहे. आई, बाप, शिक्षक, संपादक, सभेचे अध्यक्ष, सगळेच कोठेंतरी सूत्रधार आहेत. प्रस्तावना नीट करावी, पात्रांना उभें करावें, आणि त्यांची गाण्याची वेळ आली कीं आपण पडद्यामागें जावें. पुढचें पद त्यांचें आहे. तें त्यांना गाऊं द्यावें.