काटक शेळीची नाजूक करडं

‘देशी शेळी काटक असते, तिच्या करडांना वेगळं काही करावं लागत नाही,’ हे वाक्य उस्मानाबादी शेळीच्या मुलखात, म्हणजे धाराशिव, लातूर, सोलापूरच्या माळावर, सर्रास ऐकू येतं. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. बोर, बाभूळ, हिवराचा पाला ओरबाडत दिवसभर चालणारी आणि दुष्काळी उन्हाळा काढणारी ही शेळी काटक आहेच. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य अल्पभूधारक व भूमिहीन घरांत, मोकाट चराईवर जगतात, त्या याच गुणामुळे. चूक पुढच्या अर्ध्या भागात आहे. कळपात आपल्याला दिसतात त्या जगलेल्या शेळ्या. पहिल्या महिन्यात मेलेली करडं कुणाच्या हिशेबात नसतात, म्हणून जगलेल्यांकडे पाहून सगळी जातच काटक जन्मते असं आपण ठरवून टाकतो.

उस्मानाबादीचं करडू जन्मतः साधारण दोन ते अडीच किलोचं असतं. अंगावर चरबी नावापुरती, त्यामुळे थंडीच्या रात्री ओलं राहिलं तर काही तासांत गारठतं. शिवाय शेळीच्या गर्भाशयातून पिलाला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती सगळी चिकातून मिळवावी लागतात. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद जन्मानंतर तासागणिक घटते आणि एका दिवसात जवळजवळ संपते. अशा वेळी ‘वार पडल्याशिवाय चीक पाजू नये’ हा समज करडांच्या मुळावर येतो. वस्तुस्थिती उलटी आहे: करडू सडाला लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदतच होते. ‘चिकाने हगवण लागते’ हेही तसंच. चीक किंचित सारक असतो, त्यानेच पोटातली पहिली काळी, चिकट विष्ठा बाहेर पडते. जीवघेणी हगवण लागते ती बहुधा जंतुसंसर्गाने, आणि तिच्याशी लढायचं बळ त्याच चिकातून येतं. दोन-सव्वादोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात दोनशे ते अडीचशे मिली चीक तीन-चार वेळा विभागून मिळावा, त्यातला पहिला घोट तास-दोन तासांच्या आत. याला पैसा लागत नाही, लक्ष लागतं.

दुसरा समज वाढीचा. करडं रोडावलेली दिसली की ‘जातच लहान चणीची, बाहेरून मोठा बोकड आणा’ असा सल्ला मिळतो. पण गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमक्या त्याच काळात माळ वाळलेला असेल तर करडं हलकी जन्मतात आणि शेळीच्या कासेत दूधही बेताचंच उतरतं. जुळी असली की तेही वाटून घ्यायचं. अशा कळपात मोठ्या जातीचा संकर आणला तर मोठ्या अंगाला नुसतं तग धरायलाच जास्त चारा हवा, आणि लहान चणीची शेळी मोठ्या करडामुळे विताना अडू शकते. बांधून, पोटभर खुराक देऊन केलेल्या पालनात असा संकर वाढ दाखवतो, हे मान्य. मात्र तिथले आकडे माळावर लागू करणं ही फसवणूक आहे. ‘खुराकाला पैसा कुठून आणायचा?’ हा आक्षेप खरा आहे, म्हणून उत्तरही तेवढंच नेमकं द्यायला हवं. सगळ्या कळपाला खुराक नको. गाभण शेळीला शेवटचे सहा आठवडे आणि व्याल्यावर काही दिवस, रोज पाव किलोच्या आसपास मक्याचा भरडा किंवा तुरीची चुनी, सोबत शेवरी-सुबाभळीचा पाला. बोकड वर्षभर कळपात मोकळा न ठेवता जून-जुलैत सोडला तर गाभणपणाचा शेवट ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हिरव्या-पिकल्या चाऱ्यात येतो. मग थंडीसाठी कोरडा आडोसा तेवढा लागतो.

‘लहानपणापासून रानात फिरलं की करडू घट्ट होतं’ हाही असाच एक समज. पहिले काही आठवडे करडाचं मोठं पोट काम करत नाही. ते दुधावरच जगतं, आणि लांबची चाल त्या दुधातली ताकद खाते. दोन-तीन आठवड्यांचं झालं की ते पाला कुरतडू लागतं. तेव्हा घरीच, तोंड पोचेल इतक्या उंचीवर पाल्याची जुडी टांगावी. जमिनीवर टाकलेला पाला लेंड्या-मुतात भिजतो, आणि दाटीच्या ओल्या जागेतच रक्ती हगवणीचे सूक्ष्मजीव माजतात. पावसाळ्यात लेंड्यांतली जंतांची अंडी आठवड्याभरात बाधा करणाऱ्या अळ्या होऊन आखूड गवतावर चढतात. झुडपं खाणारी शेळी त्यांतून बरीचशी सुटते. गवतच ओरबाडावं लागणारं करडू सुटत नाही.

सर्वात चिवट आक्षेप मात्र वेगळाच आहे: कमजोर करडं मरतात म्हणूनच जात दणकट राहते, त्यात ढवळाढवळ कशाला? हे पटण्यासारखं वाटतं, पण करडाच्या जगण्या-मरण्यात आनुवंशिकतेचा वाटा थोडा असतो. मोठा वाटा आईच्या आहाराचा, दुधाचा, निवाऱ्याचा आणि एका वेळी किती करडं जन्मली याचा. म्हणजे उपासमारीत आधी मरतात ती जुळी, आणि जुळी देणं हाच तर उस्मानाबादीचा मोठा गुण. माळावरच्या मरणाने जात निवडली जात नाही, तिचा उत्तम गुण वाया जातो. उलट खरी निवड माणूसच करतो, तीही उलट्या दिशेने: सर्वात झपाट्याने वाढलेला बोकड बकरी ईदच्या बाजारात जातो आणि विकला न गेलेला मागे राहून पैदास करतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर निवडीतून सुधारणेचं काम चालतं. त्यामागचं तत्त्व कोणत्याही कळपाला लागू पडतं. जन्माचं आणि तीन महिन्यांचं वजन ताणकाट्यावर घेऊन वहीत टिपावं, जुळ्याची तुलना जुळ्याशीच करावी, आणि दोन्ही करडं जगवणाऱ्या शेळीच्या पोटचा, चांगला वाढलेला बोकड बाजारातून मागे ठेवावा. तो स्वतःच्याच पाठींवर, म्हणजे मादी पिलांवर, जाऊ नये म्हणून दोन वर्षांनी दुसऱ्या कळपातल्या बोकडाशी बदलावा.