आजोबांच्या बंदुकीची चामडी पेटी साफ करताय? तेलाची वाटी आधी बाजूला ठेवा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांनाही हे नवीन नाही. बंदूक जाते, तिची चामडी पेटी मात्र बऱ्याचदा घरीच राहते. मग कुणाच्या तरी मनात येतं, रिकामीच आहे तर जरा चकाचक करून टाकू. स्वयंपाकघरातून तेलाची वाटी येते आणि तीन पिढ्या टिकलेल्या चामड्याची वाट लागते.

हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उस्मानाबाद हे नावही सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडलेलं. त्या काळात शिकार हा अधिकाऱ्यांचा आणि मोठ्या जमीनदारांचा शौक होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संपला. बंदुका मात्र राहिल्या, कुठे पीक राखायला, कुठे नुसत्या मानाच्या म्हणून.

त्यांच्या पेट्या साधारण दोन प्रकारच्या. एक लाकडी सांगाड्यावर चामडं मढवलेली, आत बनातीचं अस्तर असलेली चौकोनी पेटी. दुसरी एका बाजूला रुंद आणि पुढे निमुळती. तिला इंग्रजीत ‘लेग ऑफ मटन’ म्हणतात, आणि आकार बघितला की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही! दोन्हींत बंदुकीची नळी आणि दस्ता वेगळे करून ठेवतात.

चामडं खराब का होतं?

जुन्या पेट्यांचं चामडं बहुतेक वेळा झाडाच्या सालीने कमावलेलं असतं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, विलायतेत ओकची साल वापरायचे. असं चामडं दणकट असतं, पण धूर आणि प्रदूषणातल्या गंधकाच्या वायूंमुळे त्यात हळूहळू आम्ल तयार होतं. मग त्याचा तांबूस भुगा पडू लागतो. याला ‘रेड रॉट’ म्हणतात. ऊसवाल्यांना ‘लाल कूज’ माहीत असते, तिचंही इंग्रजी नाव हेच. पण ती बुरशी, आणि हे रसायन.

त्यात धाराशिवची हवा. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो, चामडं सुकून आकसतं. पावसाळ्यात तेच ओल धरतं. पट्टे आणि बिजागरीजवळचा भाग सतत वाकतो, त्यामुळे पहिली भेग तिथेच पडते.

म्हणून काहीही लावण्याआधी कोरडं पांढरं फडकं पेटीवर हलकेच फिरवा. फडक्याला विटकरी भुगा लागला तर तिथेच थांबा. अशा चामड्याला पाणी लागलं की ते काळं पडून कडक होतं आणि तेलाने गेलेली ताकद परत येत नाही. संवर्धक अशा वेळी हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज हा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात. त्याने भुगा पडायचा थांबतो, पण चामडं पुन्हा नवं होत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे. पेटी खरंच मोलाची असेल तर अशा जाणकारांना विचारलेलं बरं.

घरचं तेल का नको?

मराठवाड्यातल्या घरात हमखास सापडणारी करडई आणि जवस ही दोन्ही तेलं हवेत वाळतात. रंगात वापरतात ती याच गुणामुळे. चामड्यात मुरली की आधी चिकट होतात, धूळ धरतात आणि मग कडक होतात. जवस यात सगळ्यात वाईट. खोबरेल थंडीत गोठतं, तसं ते चामड्यावरही पांढरं दिसू शकतं. शेंगदाण्याचं तेल खवट होतं. बुटाच्या पॉलिशने दोन दिवस चमक येते, पण मूळ रंग झाकला जातो.

मग करायचं काय?

फडकं स्वच्छ निघालं तर काम सोपं आहे. पेटी सावलीत, वारा लागेल अशी उघडून ठेवा, उन्हात नको. मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढा. बुरशी असेल तर मास्क लावून घराबाहेर झटका. डाग उरले तर घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, पण आधी तळाला न दिसणाऱ्या जागी करून बघा. पूर्ण वाळल्यावर लॅनोलिन किंवा मधमाशीच्या मेणाचं चामड्याचं क्रीम बोटभर घ्या, तेही फडक्यावर, थेट पेटीवर नाही. पातळ हात फिरवा, एक दिवस थांबा, उरलेलं पुसून टाका. ‘अजून थोडं लावू’ हा मोह आवरायचा. चामडं जेवढं पिईल तेवढं पाजायचं नसतं.

पितळी कड्या-कुलपांभोवती हिरवा थर दिसतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसाच हा प्रकार. चामड्यातल्या चरबीची आम्लं पितळेला लागतात. तो लाकडी काडीने अलगद खरवडा. पितळ चमकवायचं पॉलिश नको, त्याचे डाग चामड्यावर कायमचे राहतात. झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. कलकत्त्याच्या रोडा किंवा मॅन्टन अशा व्यापाऱ्याचं नाव त्यावर असेल, तर पेटीचा काळ ठरवायला मोठी मदत होते.

आणि ठाण्यातून बंदूक परत आली की ती या पेटीत कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातल्या आम्लाने लोखंड गंजतं. पेटी फक्त ने-आण करायला वापरावी.

रिकाम्या पेटीला परवाना लागत नाही. पण साफ करताना अस्तराखाली जुनं काडतूस सापडलं आणि घरात कुणाकडे परवाना नसेल, तर ते ठेवून घेणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा ठरतो. ते ठोकून किंवा उघडून बघू नका, पोलीस ठाण्याला कळवा. परवानाधारक वारले असतील तर बंदुकीचंही तसंच: आधी ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसाने आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करायचा.